एल्कची सोडत : रानातील जनावर कोणाचे?



सोडत हा शब्द आपल्यापैकी कोणालाही नवा नाही. म्हाडाच्या घरांची सोडत निघते तेव्हा घरे शेकड्यांनी आणि अर्ज हजारांनी असतात. ज्याचा क्रमांक निघतो तो पेढे वाटतो, आणि ज्याचा निघत नाही तो नशिबाला बोल लावून पुढच्या वर्षीच्या अर्जासाठी पैसे बाजूला ठेवतो. आज मी ज्या सोडतीविषयी बोलणार आहे तीत मात्र घर मिळत नाही. तीत मिळते एक जनावर मारण्याची परवानगी, आणि तीही जनावर सापडले तर! विषय कळवला तेव्हा एका स्नेह्यांनी विचारले, की अमेरिकेतल्या हरणाच्या परवान्यावर तुम्ही तासभर काय बोलणार? प्रश्न रास्त होता. परंतु ह्या परवान्याच्या पोटात एक फार जुना प्रश्न दडलेला आहे. रानात मोकळे फिरणारे, कोणी न पाळलेले, कोणी न पेरलेले जे धन आहे, ते कोणाचे? राजाचे, जमीनदाराचे, पैसेवाल्याचे, की सर्वांचे? आणि सर्वांचे असेल, पण सर्वांना पुरण्याइतके नसेल, तर ते वाटायचे कसे?

प्रथम एक उदाहरण घेऊ. अमेरिकेच्या पूर्व भागात पेन्सिल्व्हेनिया नावाचे राज्य आहे. तेथे २००१ साली एल्कच्या शिकारीचे ३० परवाने द्यावयाचे ठरले. अर्जाबरोबर १० डॉलर भरावयाचे, आणि नाव न निघाल्यास ते परत मिळावयाचे नाहीत, असा नियम होता. अर्ज आले ५० हजारांहून अधिक. म्हणजे साधारण सोळाशे-सतराशे माणसांमागे एकाला परवाना, आणि राज्याच्या पेटीत नुसत्या अर्जांचेच ५ लाख डॉलर! त्या राज्यात ह्यापूर्वीची कायदेशीर एल्क-शिकार १९३१ साली झाली होती. मधली ७० वर्षे बंदूक गप्प होती. त्या ७० वर्षांचा आणि त्याआधीच्या शतकाचा इतिहास कळल्याखेरीज पन्नास हजार माणसे एका हरणासाठी रांगेत का उभी राहिली हे उमगणार नाही.

आता हे एल्क म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण नावाचा घोटाळा आहे. युरोपात एल्क म्हणतात ते निराळे जनावर. त्याला अमेरिकेत मूस म्हणतात. अमेरिकन एल्क हे हरणांच्याच कुळातले असून शॉनी जमातीच्या भाषेतले त्याचे नाव वापिती, म्हणजे पांढऱ्या पुठ्ठ्याचे. आपल्या सांबराहून ते मोठे भरते. पूर्ण वाढलेला नर सहज तीनशे किलोंच्या घरात जातो. काश्मीरच्या दाचीगाम अरण्यातला हंगुल हा त्याचा जवळचा नातलग, हे कळले म्हणजे आपल्यालाही ते थोडे घरचे वाटू लागते. नराच्या डोक्यावरची शिंगे दर वर्षी गळतात व नव्याने येतात. शरदात माजावर आलेला नर जी लांब शीळ घालतो तिने डोंगर घुमतो. वरच्या जबड्यात दोन हस्तिदंती सुळे असतात. ह्या सुळ्यांचे लक्षात ठेवा, पुढे त्यांनी मोठा अनर्थ केला.

युरोपीय लोक येण्यापूर्वी उत्तर अमेरिकेत एल्कची संख्या सुमारे एक कोटी असावी असा अंदाज आहे. अटलांटिकच्या बाजूच्या जंगलांपासून पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत ते नांदत होते. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांतले एक लाखही उरले नव्हते. पूर्वेकडची जात एकोणिसाव्या शतकात समूळ नाहीशी झाली. नैऋत्येकडील मेरियम एल्क म्हणून ओळखली जाणारी जात १९०६ च्या सुमारास संपली. कॅलिफोर्नियातल्या दलदलीत राहणारा छोटा टूली एल्क तर इतका आटला, की १८७४ च्या सुमारास हेन्री मिलर ह्या बड्या गुरेवाल्याच्या जमिनीत थोडेसे सापडले तेव्हा लोकांना नवल वाटले. त्याने आपल्या माणसांना त्यांना हात लावू दिला नाही म्हणून ती जात वाचली. मांसासाठी मारले, कातड्यासाठी मारले, शेतीला व गुरांना कुरण हवे म्हणून हुसकले. आणि ते सुळे! एल्कचे नाव घेतलेली एक मोठी बंधुसभा अमेरिकेत आहे. तिचे सभासद घड्याळाच्या साखळीला एल्कचा सुळा मिरवीत. दोन सुळ्यांसाठी तीनशे किलोंचे जनावर मारून बाकीचे तसेच कुजू द्यावयाचे, असा धंदा करणाऱ्या टोळ्या वायोमिंगच्या डोंगरात हिंडत होत्या.

लोप पावणाऱ्या ह्या संपत्तीला कायद्याने आवरायचे तर आधी तिचा मालक ठरायला हवा. इंग्लंडात हा प्रश्न सोपा होता. नॉर्मन राजांनी रानेच्या राने आपल्या शिकारीसाठी राखली होती, आणि तेथले हरीण मारणाऱ्या गरिबाला कठोर शिक्षा होती. १२१७ च्या अरण्यसनदेने ही कडकी काहीशी सैल झाली. पण शिकार हा राजाचा व जमीनदाराचा हक्क, ही कल्पना तेथे शतकानुशतके टिकली. अमेरिकेत येऊन वसलेली माणसे बहुतेक त्याच हक्काच्या बाहेर राहिलेली होती. नव्या देशात राजा नव्हता. मग राजाचे हरीण कोणाकडे गेले?

ह्याचे उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६ साली दिले. कनेटिकट राज्यातल्या गीअर नावाच्या माणसाच्या खटल्यात न्यायमूर्ती एडवर्ड व्हाइट ह्यांनी निर्णय लिहिला, की रानातले पशुपक्षी राज्यातील सर्व जनतेचे सामाईक धन असून राज्य हे त्याचे विश्वस्त आहे; म्हणून त्याची शिकार कोणी, केव्हा, किती करावी हे ठरवण्याचा अधिकार राज्याचा. विश्वस्त हा शब्द महत्त्वाचा आहे. आपल्याकडच्या देवस्थानाच्या पंचांसारखा तो समजावा. धन देवाचे, पंचांनी ते सांभाळायचे. विकून खायचे नाही. पुढे १९७९ साली, ओक्लाहोमातल्या बोटभर माशांच्या एका खटल्यात, न्यायालयाने हा मालकीचा सिद्धांत मोडीत काढला. तरी विश्वस्ताची कल्पना अमेरिकन मनातून गेली नाही. सोडतीचे मूळ ह्या कल्पनेत आहे. धन सर्वांचे, वाटा थोडे. तेव्हा विश्वस्ताने कोणाचे तोंड पाहून वाटा देऊ नये, डोळे मिटून चिठ्ठी काढावी.

इथवर सारे न्याय्य दिसते. परंतु त्याच न्यायमूर्तींनी त्याच वसंतात, मे १८९६ मध्ये, दुसराही एक निकाल लिहिला, आणि तो वाचला म्हणजे सर्व जनता ह्या शब्दात कोण येत होते आणि कोण येत नव्हते हे कळते. त्याच मे महिन्यात ह्या न्यायालयाने गोऱ्या-काळ्यांना वेगळ्या डब्यांत बसवण्याच्या कायद्यालाही मान्यता दिली होती, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

दुसरा निकाल रेस हॉर्स नावाच्या बॅनॉक जमातीच्या माणसाचा. बॅनॉक व शोशोनी जमातींशी अमेरिकन सरकारने १८६८ साली तह केला होता. जमातींनी आपला मुलूख सोडून राखीव भागात जावे, आणि त्याच्या बदल्यात कोणी न वसवलेल्या सरकारी जमिनीवर, जोवर शिकार सापडते आहे तोवर, त्यांना शिकार करता यावी, असे त्यात होते. त्याप्रमाणे बॅनॉक लोक दर वर्षी वायोमिंगमधल्या जॅक्सन होल ह्या खोऱ्यात एल्कच्या शिकारीस जात. त्यांच्या दृष्टीने तो छंद नव्हता. हिवाळ्याची बेगमी होती.

पण त्या खोऱ्यात आता गोऱ्यांची वस्ती झाली होती. ह्या वसाहतवाल्यांना उंच थंड मुलखात शेतीचे फारसे उत्पन्न होत नसे. त्यांच्या मिळकतीचे एक चांगले साधन होते वाटाड्येगिरी. पूर्वेकडच्या शहरांतून, प्रसंगी इंग्लंडातूनही, धनिक लोक मोठ्या शिंगांचा नर मारायला येत. त्यांना घोडे, तंबू, स्वयंपाकी आणि वाट दाखवणारा माणूस लागे. एकेका पाहुण्यावर एकेका घराचा हिवाळा निघे. अशा ठिकाणी बॅनॉक कुटुंबे येऊन एल्क मारून नेतात, हे त्यांच्या डोळ्यांत खुपू लागले. १८९५ च्या जुलैत वसाहतवाल्यांच्या एका हत्यारबंद तुकडीने राज्याच्या शिकार-कायद्याचे नाव घेऊन बॅनॉक लोकांच्या एका जथ्याला पकडले. वाटेत ते पळू लागले तेव्हा गोळीबार झाला व एक म्हातारा ठार झाला. मग वर्तमानपत्रांत उठले ते असे, की बॅनॉक बंड करून उठले आहेत! फौज आली, पाहते तो बंड कोठेच नाही.

तेव्हा हा प्रश्न न्यायालयात नेऊन एकदाचा निकालात काढावा असे दोन्ही सरकारांनी ठरवले, आणि सात एल्क मारल्याबद्दल रेस हॉर्सवर खटला झाला. खालच्या न्यायालयाने तह मानून त्याला सोडले. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. वायोमिंग १८९० मध्ये इतर राज्यांच्या बरोबरीने संघात आले, तेव्हा रानावरचा अधिकार राज्याकडे आला व तहातला हक्क त्यापुढे टिकला नाही, असे न्यायमूर्ती व्हाइट ह्यांचे म्हणणे. एका निकालाने रान जनतेचे झाले, आणि अवघ्या तीन महिन्यांच्या आत दुसऱ्या निकालाने त्या जनतेतून रानाचे सर्वांत जुने रहिवासी वगळले गेले. एल्कच्या परवान्याचा पाया असा घातला गेला आहे. तो कोणाच्या बाजूने घातला गेला हे सांगायला नको. वाटाड्याचा धंदा वाचला.

निष्पक्षपातीपणासाठी हेही सांगितले पाहिजे, की ह्याच खोऱ्यातल्या लोकांनी पुढे एल्कसाठी पुष्कळ केले. १९०८ नंतरच्या कडक हिवाळ्यांत हजारो एल्क उपासमारीने मेले, कारण डोंगरातून खाली उतरून चरायची त्यांची हिवाळी कुरणे आता कुंपणात गेली होती. तेथे राहणाऱ्या स्टीफन लीक ह्याने, जो स्वतः वाटाड्याही होता, मरणाऱ्या कळपांची छायाचित्रे काढून देशभर दाखवली. लोकांनी गवत विकत घेऊन टाकले. १९१२ मध्ये संघसरकारने तेथे राष्ट्रीय एल्क-आश्रयस्थान स्थापन केले. शेजारच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात शिकारीला १८८३ पासूनच बंदी होती. तेथे कळप वाचले होते. आता तेथूनच एल्क आगगाडीच्या डब्यांत भरून ज्या राज्यांतून ते नष्ट झाले होते तेथे पाठवणे सुरू झाले. १९१३ साली ते पेन्सिल्व्हेनियात आणि ॲरिझोनात पोहोचले. पेन्सिल्व्हेनियात १९२६ पर्यंत एकंदर १७७ सोडले गेले. १९२३ ते १९३१ तेथे शिकार झाली, मग संख्या घटली म्हणून बंद पडली. ती उघडली २००१ मध्ये, ह्याचा उल्लेख आरंभी केलाच आहे.

केंटकीची कथा ह्याहून अलीकडची. १९९७ च्या डिसेंबरात कॅन्सस राज्यातून आणलेले सात एल्क तेथे सोडण्यात आले, आणि नंतरच्या पाच वर्षांत पश्चिमेकडच्या राज्यांतून दीड हजारांच्या आसपास आणले गेले. सोडले कोठे? जेथे कोळशासाठी डोंगरमाथे कापून सपाट केले होते आणि नंतर वर गवत पेरले होते, त्या खाणीच्या उजाड जमिनीवर! माणसाने डोंगराचा शेंडा उडवला आणि त्याच्या जागी एल्कला हवे तसे कुरण आयतेच झाले. इतिहासाला असले विनोद सुचतात. तेथली पहिली शिकारही २००१ चीच, परवाने १२.

आज उत्तर अमेरिकेत सुमारे दहा लाख एल्क आहेत. मग परवान्यांची एवढी ओढाताण का? कारण संख्या सगळीकडे सारखी नाही, आणि शिकाऱ्याला हवा असतो तो म्हातारा, मोठ्या शिंगांचा नर. पश्चिमेकडील राज्ये आपल्या रानाचे लहानलहान विभाग पाडतात. हिवाळ्यात विमानातून कळपांची मोजणी होते, नर-मादींचे प्रमाण पाहिले जाते, आणि प्रत्येक विभागात किती नर व किती माद्या मारू द्यावयाच्या ते दर साल ठरते. ज्या विभागात कळप दांडगे आहेत तेथे परवाना दुकानात जाऊन विकत मिळतो. ज्या विभागात राज्याने मुद्दाम हात आखडता घेतला आहे तेथे नर वयात येऊन मोठे होतात. साहजिकच तेथेच सर्वांना जायचे असते. ह्या मर्यादित परवान्यांसाठी सोडत.

अर्जाचा हंगाम बहुतेक फेब्रुवारी ते एप्रिल, म्हणजे आपल्या ह्या व्याख्यानमालेच्या आसपासचाच. अर्जात विभागाचा क्रमांक, तारखांचा हंगाम, हत्यार धनुष्यबाण की ठासणीची बंदूक की रायफल, नर की मादी, हे सर्व लिहायचे. पहिली पसंती, दुसरी पसंती द्यायची. मग यंत्र प्रत्येक अर्जाला एक आकडा देते आणि आकड्यांच्या क्रमाने परवाने वाटत जाते. ह्यात कोणाची शिफारस चालत नाही. ह्या एका गोष्टीसाठी मला ह्या पद्धतीबद्दल आदर वाटतो.

परंतु शुद्ध नशीब माणसाला फार काळ मानवत नाही. दहा वर्षे अर्ज करून ज्याला काही मिळाले नाही तो म्हणतो, काल पहिल्यांदा अर्ज केलेल्या पोराला मिळाले, हा कोठला न्याय? म्हणून पुष्कळ राज्यांनी गुणांची पद्धत काढली. दर वर्षी नाव न निघाल्यास एक गुण पदरात पडतो. नेवाडासारख्या राज्यात गुणांमुळे संधी वाढते, पण नशीब उरतेच. कोलोरॅडोत ज्याचे गुण अधिक त्याचा क्रमांक आधी. म्हणजे सोडत नव्हेच, रांग झाली. आता ह्या रांगेचे गणित पाहा. समजा एका विभागात दर वर्षी ५० परवाने निघतात, आणि रांगेत ५ हजार माणसे आहेत. शेवटच्या माणसाचा नंबर शंभर वर्षांनी लागणार! शिवाय मागे दर वर्षी नवी माणसे येऊन उभी राहतात ती वेगळीच. कोलोरॅडोच्या वायव्य कोपऱ्यातल्या काही विभागांसाठी आज वीस वर्षांहून अधिक गुण लागतात. तिशीत रांगेत शिरलेला माणूस पन्नाशी उलटल्यावर डोंगर चढणार. म्हणून बाप मुलाचे वय बसताच त्याच्या नावाने गुण साठवू लागतात. न्यू मेक्सिको आणि आयडाहो ह्या दोन राज्यांनी एल्कसाठी गुणांचा हा व्याप केलाच नाही. तेथे दर साल सर्वांच्या चिठ्ठ्या सारख्या. आयुष्यभर अर्ज करून कधीच न मिळण्याची शक्यता त्यांनी पत्करली, पण नव्या माणसाला दार बंद केले नाही. मला विचाराल तर मला ह्या दोघांची बाजू अधिक सरळ वाटते.

येथे तो वाटाड्या पुन्हा रंगमंचावर येतो. परराज्यातला शिकारी हा त्याचा अन्नदाता. राज्यातला माणूस आपल्या डोंगरात आपला आपण जातो. शेकडो मैलांवरून येणाऱ्याला खेचरे, तंबू आणि माहितगार माणूस लागतो, आणि त्यासाठी तो हजारो डॉलर मोजतो. सोडतीत परराज्यातल्या गिऱ्हाइकाचे नाव निघाले नाही, तर वाटाड्याचा हंगाम बुडाला. दर वर्षी वसंतात आपले पोट चिठ्ठीवर टांगायचे, ही त्याची तक्रार खोटी नव्हे. नोकरदाराचा पगार सोडतीने ठरू लागला तर आपण काय म्हणू? पण त्याला हमी द्यायची, तर ती दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्यातूनच निघणार.

मोंटॅनातल्या बाल्डविन नावाच्या परवानाधारक वाटाड्याने आणि परराज्यातल्या काही शिकाऱ्यांनी हा वाद सर्वोच्च न्यायालयात नेला. १९७६ मध्ये मोंटॅनाच्या रहिवाशाला एल्कचा परवाना ९ डॉलरना मिळे. बाहेरच्याला मात्र एल्क, हरीण, अस्वल वगैरे सर्वांचा एकत्रित परवाना २२५ डॉलरना घ्यावा लागे, मग त्याला नुसता एल्क हवा असला तरी. सर्व नागरिक समान, तर हा भेद कसा? १९७८ च्या मे महिन्यात न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला, की एल्कची शिकार ही करमणूक आहे, उपजीविकेचा मूलभूत हक्क नव्हे. म्हणून राज्याने आपल्या माणसांना झुकते माप दिले तर ते घटनेविरुद्ध नाही. करमणूक! बाल्डविनच्या दृष्टीने ती करमणूक नव्हती, आणि रेस हॉर्सच्या दृष्टीने तर मुळीच नव्हती.

त्यानंतर तीन राज्यांनी तीन वाटा धरल्या. मोंटॅनाने वाटाड्यांकरवी येणाऱ्या परराज्यातल्या शिकाऱ्यांसाठी परवाने बाजूला राखले. अधिक पैसे भरायचे, सोडतीची भानगड नाही. सामान्य शिकाऱ्यांना हे टोचत राहिले. वाटाड्ये खासगी माळराने भाड्याने घेऊन कुंपणे घालतात आणि गावच्या माणसाला पाऊल टाकू देत नाहीत, हाही राग होताच. २०१० च्या नोव्हेंबरात हा प्रश्न थेट मतदारांपुढे गेला. निम्म्याहून अधिक मतदारांनी तो राखीव वाटा, एल्कच्या एकत्रित परवान्यांपैकी ५,५०० चा, रद्द केला. सर्व परवाने सोडतीत घातले, आणि बाहेरच्यांची फी ६२८ डॉलरवरून ८९७ डॉलर केली.

न्यू मेक्सिकोने उलट केले. तेथे कायद्यानेच तीन हौद बांधले आहेत. १०० परवान्यांतले ८४ राज्यातल्या रहिवाशांचे, ६ बाहेरच्यांचे, आणि १० वाटाड्याशी आधीच करार करून अर्ज करणाऱ्यांचे. चिठ्ठी निघण्यापूर्वी वाटाडा ठरवायचा. जो पैसे खर्च करायला तयार आहे त्याचा हौद लहान, पण त्यात गर्दीही कमी. त्यामुळे त्याला नाव निघण्याची आशा अधिक. आधी, १९९७ च्या कायद्यात, वाटाड्यांचा वाटा १२ होता. २०११ मध्ये तो खाली आणण्यात आला. शिवाय मोठ्या जमीनमालकांना राज्य वेगळे परवाने देते आणि ते बाजारात विकता येतात. सोडत एका बाजूला, दुकान दुसऱ्या बाजूला.

वायोमिंगने तिसरीच युक्ती काढली. तेथील संरक्षित निर्जन अरण्यात परराज्यातल्या माणसाला मोठ्या जनावराची शिकार करायची असेल, तर परवानाधारक वाटाडा किंवा राज्यातला रहिवासी बरोबर हवाच. कारण सांगतात सुरक्षिततेचे. मात्र तोच परराज्यातला माणूस त्याच अरण्यात एकटा भटकू शकतो, तंबू ठोकू शकतो, गळ टाकून मासे पकडू शकतो. खांद्यावर रायफल आली की तेवढा तो वाट चुकतो, असे मानायचे! १८९५ मध्ये ज्या वायोमिंगमध्ये वाटाड्यांच्या धंद्याने कायद्याला हत्यार बनवले, त्याच वायोमिंगचा हा नियम आहे हे विसरून चालणार नाही.

ॲरिझोनात मोठ्या नरांच्या परवान्यांपैकी बाहेरच्यांना १० टक्क्यांहून अधिक मिळू नयेत असा नियम होता. व्यावसायिक शिकाऱ्यांनी व वाटाड्यांनी तो न्यायालयात नेला. शिंगे आणि कातडी विकली जातात, वाटाड्ये राज्याराज्यांतून काम करतात, तेव्हा हा व्यापार आहे आणि राज्यांमधल्या व्यापारात अडथळा आणता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. २००२ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. पश्चिमेकडच्या सर्व राज्यांचे धाबे दणाणले, कारण ही मर्यादा गेली तर गावच्या माणसाचा अर्ज मोठ्या शहरांतल्या लाखो अर्जांत बुडून जाणार. शेवटी २००५ च्या मे महिन्यात काँग्रेसनेच कायदा केला, की रहिवासी आणि परका हा भेद करण्याचा राज्यांना अधिकार आहे. कायदा कोणत्या विधेयकाच्या शेपटाला बांधून मंजूर झाला असेल? इराकमधल्या युद्धाचा खर्च आणि सुनामीग्रस्तांना मदत ह्यांच्या विधेयकाच्या! २००४ च्या ज्या लाटेने आपल्या तमिळनाडूचा किनारा उद्ध्वस्त केला, तिच्या मदतीबरोबर एल्कच्या सोडतीचाही निकाल लागला.

लिलावाचे एकच वाक्य सांगतो. अनेक राज्ये एखाददुसरा परवाना सोडतीतून बाजूला काढून लिलावात विकतात, आणि उत्तम नराच्या एका परवान्याला एक लाख डॉलरांहून अधिक बोली लागल्याची उदाहरणे आहेत. पैसा संवर्धनाला जातो.

राहता राहिला रेस हॉर्स. त्याच्या निकालाला १२३ वर्षे होत आली तेव्हा तसाच एक खटला पुन्हा उभा राहिला. क्रो जमातीचा हेरेरा नावाचा माणूस २०१४ च्या जानेवारीत मोंटॅनातल्या आपल्या राखीव मुलखातून एल्कचा माग काढीत निघाला. कळप सीमा ओलांडून वायोमिंगच्या बिगहॉर्न राष्ट्रीय अरण्यात शिरला. तोही सोबत्यांसह पाठोपाठ गेला. त्यांनी एल्क मारले आणि मांस घरी नेले. वायोमिंगने हंगामाबाहेर आणि राज्याच्या परवान्यावाचून शिकार केल्याबद्दल त्याला दोषी ठरवून ८ हजार डॉलर दंड व तहकूब कैद दिली. त्याने १८६८ चा आपल्या जमातीचा तह पुढे केला. त्यातले कलम बॅनॉकांच्या तहातल्यासारखेच होते. राज्याने पुढे केला रेस हॉर्सचा निकाल.

२० मे २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले, की वायोमिंग राज्य झाले म्हणून तहातला हक्क संपला नाही, आणि रेस हॉर्सचा निकाल ह्यापुढे आधार म्हणून धरता येणार नाही. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर ह्यांनी तो निर्णय लिहिला. अरण्यातली ती विशिष्ट जागा तहाच्या अर्थाने वसवलेली होती की नव्हती, हे मात्र खालच्या न्यायालयाने ठरवावे म्हणून खटला पुन्हा वायोमिंगकडे पाठवण्यात आला.